सावकाराची फिर्याद आणि न्यायमूर्तींचा हिशेब

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यात १२ मे १८७५ रोजी एक विलक्षण घटना घडली. त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी एकत्र आले आणि त्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर हल्ला केला. दुकाने लुटली गेली, काही घरांना आगी लागल्या. परंतु जमावाचा मुख्य रोख पैशावर नव्हता. त्यांना हवे होते कागद. कर्जरोखे, गहाणखते, हुकूमनामे आणि वह्या बाहेर काढून त्यांची होळी करण्यात आली. ज्या सावकारांनी कागद मुकाट्याने हवाली केले, त्यांच्या अंगाला बहुतेक ठिकाणी कोणी हात लावला नाही. पाहता पाहता हे लोण शिरूर, इंदापूर, पुरंदर या तालुक्यांत आणि शेजारच्या नगर जिल्ह्यात पसरले. तीसहून अधिक गावांना त्याची झळ लागली. इतिहासात ही घटना दख्खनचे दंगे म्हणून नोंदली गेली.

हे दंगे झाले तेव्हा पुण्यात प्रथम वर्ग दुय्यम न्यायाधीशाच्या खुर्चीवर तेहेतीस वर्षांचे एक गृहस्थ बसत होते. त्यांचे नाव महादेव गोविंद रानडे. समाजसुधारक, अर्थशास्त्रज्ञ आणि इतिहासकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. मात्र सावकाराने केलेल्या दाव्यात सावकाराच्याच गैरकृत्याचा हिशेब कसा मांडायचा, हा प्रश्न त्यांच्या न्यायालयीन आयुष्याची कित्येक वर्षे व्यापून राहिला होता, याची आठवण क्वचितच काढली जाते.

करड्याचा देशमुख

दंग्यांची पहिली ठिणगी शिरूर तालुक्यातील करडे या गावी पडली होती. तेथील काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या आपल्या ऋणकोवर न्यायालयातून हुकूमनामा मिळवला आणि १८७४ च्या डिसेंबरमध्ये त्याची बजावणी केली. वादाची रक्कम सुमारे दीडशे रुपयांची होती. देशमुखांचे राहते घर पाडले जाताना गावाने पाहिले आणि गाव खवळले. गावकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार घातला. न्हावी, परीट, पाणके यांनी त्यांची कामे सोडली. त्यांच्या शेतात राबायला कोणी जाईना. हाच बहिष्कार पुढे गावोगाव पसरला आणि त्यातूनच सुप्याचा भडका उडाला.

या प्रकरणात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की करड्याच्या सावकाराने कायद्याबाहेर जाऊन काही केले नव्हते. त्याच्या हाती न्यायालयाचा हुकूमनामा होता. घर पाडले गेले ते सरकारी शिक्क्याच्या जोरावर. दंगेखोरांचा राग सावकारावर होता, तितकाच त्या शिक्क्यावरही होता. म्हणून तर वह्यांबरोबर हुकूमनामेही आगीत पडले.

कायदा सावकाराच्या हाती असा एकाएकी गेला नव्हता. पेशवाईत आणि त्याआधीही सावकार होता. पण कर्जाची वसुली गावाच्या आणि पंचायतीच्या नजरेखाली होई. इंग्रजी अमलात दिवाणी न्यायालये आली. व्याजाच्या दरावरील जुनी बंधने १८५५ च्या कायद्याने उठली. १८५९ साली दिवाणी व्यवहार संहिता आली आणि त्याच साली मुदतीचा कायदाही झाला. साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आली. रयतेवर जुन्या कर्जाचे ओझे पिढ्यान्‌पिढ्या राहू नये, असा या कायद्याचा हेतू होता. प्रत्यक्षात त्याचा उलटा परिणाम झाला. मुदत संपत आली, की सावकार शेतकऱ्याकडून नवा रोखा लिहून घेई. थकलेले व्याज मुद्दलात मिळवले जाई आणि त्या वाढीव रकमेवर पुन्हा व्याज सुरू होई.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. शंभर रुपये कर्ज, व्याज दरमहा शेकडा दोन रुपये. तीन वर्षांनी व्याज झाले बाहत्तर रुपये. नवा रोखा एकशे बाहत्तरांचा. आणखी तीन वर्षांनी तो सुमारे दोनशे शहाण्णवांचा आणि नऊ वर्षे पूर्ण होताना सुमारे पाचशे नऊ रुपयांचा. दरम्यान शेतकऱ्याने खळ्यावरून चार-दोन पोती बाजरी घातली असेल, तर ती वहीत जमा होईलच याची खात्री नाही. हिंदू धर्मशास्त्रातील दामदुपटीचा नियम, म्हणजे एका वेळी मुद्दलाइतक्याच व्याजाची वसुली करता येते हा नियम, मुंबई इलाख्यातील न्यायालये मानीत असत. परंतु नव्या रोख्यात व्याजच मुद्दल होऊन बसल्यामुळे त्या नियमाची धार बोथट झाली. न्यायालयापुढे येई तो फक्त शेवटचा रोखा. त्यावर शेतकऱ्याचा अंगठा किंवा नांगराची निशाणी असे. समन्स मिळाले तरी शेतकरी बहुधा हजर राहात नसे आणि एकतर्फी हुकूमनामा होई.

यात आणखी एक भर पडली होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी सढळ हाताने कर्ज दिले. युद्ध संपताच भाव कोसळले. नेमक्या त्याच सुमारास जमीनमहसुलाची तीस वर्षांची जुनी मुदत संपून इंदापूर, भीमथडी भागांत फेरआकारणी झाली आणि सारा मोठ्या प्रमाणावर वाढला. सारा भरायचा तर कर्ज, कर्ज घ्यायचे तर रोखा आणि रोखा लिहिला की न्यायालय, असा हा फेरा होता.

निफाड ते पुणे

या फेऱ्याचा अभ्यास ज्यांनी मुळापासून केला, ते रानडे १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे जन्मले. वडील गोविंदराव कोल्हापुरात नोकरीला असल्याने त्यांचे बालपण तेथे गेले. शिक्षणासाठी ते मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत आले. नव्याने स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाची पदवी १८६२ साली मिळवणाऱ्या पहिल्या तुकडीत ते होते. एम. ए. आणि पुढे १८६६ साली एलएल. बी. झाल्यावर अक्कलकोट, कोल्हापूर येथील संस्थानी नोकऱ्या आणि एल्फिन्स्टन कॉलेजातील अध्यापन असा प्रवास करीत ते १८७१ साली पुण्यात न्यायाधीश म्हणून आले.

पुण्यात गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी १८७० साली सार्वजनिक सभेची स्थापना केली होती. रानडे सरकारी नोकर असल्यामुळे त्यांचे नाव पुढे येत नसे. पण सभेच्या कामाला दिशा देण्याचे काम त्यांचेच. दंग्यांच्या आधीच, १८७२-७३ च्या सुमारास, सभेने दख्खनच्या शेतकऱ्यांची सांपत्तिक स्थिती आणि साऱ्याची आकारणी यांची चौकशी करून अहवाल सिद्ध केला होता. शेतकऱ्याच्या दैन्याला केवळ सावकार कारण आहे, ही सरकारची सोयीची समजूत सभेला मान्य नव्हती. सावकाराच्या लोभाइतकीच ताठर सारापद्धती कारणीभूत आहे, हे रानड्यांचे मत तेव्हापासून कायम राहिले.

दंग्यांच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवण्यात आला. आयोगाने साऱ्याच्या वाढीला गौण स्थान दिले आणि मुख्य दोष सावकारी कर्ज व दिवाणी कायद्याच्या अंमलबजावणीवर ठेवला. या निष्कर्षाचा पहिला भाग रानड्यांना पटणारा नव्हता. दुसरा भाग मात्र ते न्यायासनावरून रोज पाहात होते.

धामारी आणि धुळे

शिरूर तालुक्याने त्या काळात आणखी एक वाट पाहिली. लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करणारे वासुदेव बळवंत फडके यांनी पुण्यात रानड्यांची देशाच्या आर्थिक स्थितीवरील व्याख्याने ऐकली होती. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळाने अस्वस्थ झालेल्या फडक्यांनी शस्त्र हाती घेतले आणि १८७९ च्या फेब्रुवारीत पहिला दरोडा घातला तो शिरूर तालुक्यातील धामारी या गावावर. एकाच दुःखाची दोन उत्तरे एकाच शहरातून निघाली होती. एक बंडाचे, दुसरे कायद्याचे.

सरकारला मात्र या दोन उत्तरांतील अंतर तेव्हा दिसले नाही. सार्वजनिक सभेच्या कामामुळे रानड्यांवर आधीपासूनच नजर होती. १८७८ साली त्यांची बदली नाशिकला झाली आणि १८७९ च्या मे महिन्यात पुण्याचा बुधवार वाडा जळाला, त्या गडबडीच्या दिवसांत त्यांना तडकाफडकी धुळ्याला पाठवण्यात आले. तेथे काही काळ त्यांची पत्रे फोडून वाचली जात होती. रानड्यांनी त्याविरुद्ध आकांडतांडव केले नाही. ते आपले काम करीत राहिले. संशय ओसरला आणि १८८१ मध्ये मुंबईतील मॅजिस्ट्रेटच्या अल्पकालीन नेमणुकीनंतर ते पुण्यात परतले. आता त्यांच्याकडे आले ते काम म्हणजे ज्या कायद्याने करड्याच्या देशमुखाचे घर कदाचित वाचले असते, त्या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करण्याचे.

रोख्याच्या पाठीमागे

दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा, १८७९ चा सतरावा, हा व्हाइसरॉयच्या विधिमंडळात थिओडोर होप यांनी मांडला होता. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो १ नोव्हेंबर १८७९ पासून लागू झाला. शेतकरी ऋणकोला कर्जापायी अटक करता येणार नाही, स्पष्टपणे गहाण न दिलेली जमीन साध्या कर्जाच्या वसुलीसाठी जप्त करून विकता येणार नाही, हुकूमनाम्याची रक्कम हप्त्याने फेडण्याची सवलत देता येईल, अशा त्यातील तरतुदी त्या काळी धाडसी होत्या. गावोगावी नोंदणी कारकून नेमून रोखे त्यांच्यासमोर लिहिण्याची सक्ती झाली. पावती देणे, सालाचा हिशेब देणे आणि मागितल्यास पासबुक देणे सावकारावर बंधनकारक झाले. दावा लावण्यापूर्वी समेटासाठी मध्यस्थाकडे जाण्याची व्यवस्थाही होती.

परंतु या कायद्याचा गाभा होता त्याच्या बाराव्या आणि तेराव्या कलमांत. शेतकऱ्यावर दावा आला, की न्यायाधीशाने केवळ शेवटच्या रोख्याकडे पाहून थांबू नये. वादी-प्रतिवादींच्या व्यवहाराचा इतिहास आरंभापासून तपासावा, असे बारावे कलम सांगत होते. प्रतिवादीला स्वतः बोलावून त्याची जबानी घ्यावी, त्यामुळे एकतर्फी हुकूमनाम्यांना आळा बसावा, असाही कायद्याचा रोख होता. तेरावे कलम हिशेब कसा मांडायचा ते सांगत होते. मुद्दलाचे खाते वेगळे, व्याजाचे वेगळे, चक्रवाढ नाही, मध्यंतरी केलेली कबुली किंवा हिशेबाची तोड न्यायालयावर बंधनकारक नाही, दिलेला प्रत्येक पैसा आणि धान्य जमा, आणि शेवटी दामदुपटीची मर्यादा.

वरच्या उदाहरणाला हे कलम लावले, तर पाचशे नऊ रुपयांचा रोखा बाजूला पडतो. मूळ शंभर रुपये हाती येतात, त्यावर न्यायालयाला वाजवी वाटेल त्या दराने सरळ व्याज लागते आणि काही झाले तरी एकूण रक्कम दोनशेच्या वर जात नाही. त्यातून बाजरीची किंमत वजा होते.

दिवाणी न्यायशास्त्रातला एक जुना आणि अवघड प्रश्न या कलमांनी वेगळ्या तऱ्हेने सोडवला. वादीने स्वतःच गैरकृत्य केले असेल, तर त्याला दाद मिळावी काय? इंग्लंडमध्ये १७२५ साली दोन वाटमाऱ्यांपैकी एकाने दुसऱ्यावर लुटीच्या वाटणीचा दावा लावला, तेव्हा न्यायालयाने दावा तर फेटाळलाच, वर वकिलांनाही दंड केला. १७७५ साली लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी हे तत्त्व नीट मांडले. स्वतःच्या बेकायदा कृत्यावर ज्याचा दावा उभा आहे, त्याला न्यायालय मदत करणार नाही, मग त्यात प्रतिवादीचा फुकटचा लाभ झाला तरी चालेल. समन्यायाच्या न्यायालयात येणाऱ्याचे हात स्वच्छ असले पाहिजेत, हे सूत्र याच वळणाचे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानेही कपट, अनुचित दबाव आणि बेकायदा हेतू यांनी दूषित झालेल्या करारांची वेगवेगळी गत सांगितली होती.

शिरूर-दौंडच्या शेतात हे तत्त्व जसेच्या तसे लावणे सोपे नव्हते. सावकाराने व्याजाची लबाडी केली, हे खरे. पण पहिले शंभर रुपये त्याने मोजून दिले होते, हेही खरे. संपूर्ण दावा फेटाळला, तर लबाडीला शिक्षा होई. पण शेतकऱ्याला शंभर रुपये फुकट मिळत आणि पुढच्या वर्षी बियाण्यासाठी त्याला कोणी दारात उभे करीत नसे. संपूर्ण दावा मान्य केला, तर न्यायालयच लबाडीचे हत्यार ठरे. कायद्याने तिसरा मार्ग काढला. वादीला दाराबाहेर काढायचे नाही. त्याच्या मागणीतील अप्रामाणिक भाग वेगळा करून टाकून द्यायचा आणि प्रामाणिक भाग तेवढा पदरात घालायचा.

दौऱ्यावरचा न्यायाधीश

हे काम कागदावर जितके सरळ, तितकेच न्यायालयात कष्टाचे होते. एकेका दाव्यात दहा-पंधरा वर्षांच्या वह्या उलगडाव्या लागत. मोडी लिपीतल्या खतावण्या वाचणे, कोणती नोंद मागाहून घातली आहे ते ओळखणे, निरक्षर शेतकऱ्याच्या तोंडून जमा-खर्च काढून घेणे हे दुय्यम न्यायाधीशांना करावे लागे. या कायद्याखालील लहान दाव्यांत अपील नव्हते. त्यामुळे चुका दुरुस्त करण्यासाठी जिल्हा न्यायाधीश आणि खास नेमलेले स्पेशल जज्ज यांना प्रकरणे मागवून तपासण्याचा अधिकार दिला होता. रानडे पुणे आणि सातारा जिल्ह्यांसाठी साहाय्यक स्पेशल जज्ज झाले. पुढे १८८४ मध्ये पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीशपद आणि त्यानंतर मुंबईच्या विधिमंडळातील नेमणूक झाल्यावर, १८८७ च्या सुमारास, स्पेशल जज्ज म्हणून ते पुन्हा याच कामावर आले. तालुक्यांची न्यायालये पाहणे, निकाल तपासणे, समेट करणाऱ्या मध्यस्थांचे आणि नोंदणी कारकुनांचे काम जोखणे यासाठी वर्षाचे कित्येक महिने दौऱ्यात जात. पत्नी रमाबाई अनेकदा त्यांच्याबरोबर असत. त्या दौऱ्यांचे चित्र त्यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत रेखाटले आहे.

या तपासणीतून दुसरी बाजूही पुढे आली. लबाडी फक्त सावकार करी असे नाही. कायदा आपल्या बाजूचा आहे हे कळताच काही ऋणको घेतलेले पैसेच नाकारू लागले, न केलेली फेड सांगू लागले. शेतकरी नसलेले लोक शेतकरी असल्याचे भासवून सवलती मागू लागले. इतिहास तपासायचा तर दोघांचाही तपासायला हवा, हे ओघानेच आले. सावकारांनीही पळवाटा शोधल्या. साधा रोखा लिहून घेण्याऐवजी ते गहाणखत आणि त्याहूनही पुढे जाऊन सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले. कागदावर जमीन विकलेली, प्रत्यक्षात ती कर्जाची हमी. तोंडी करार असा, की पैसे फेडले की जमीन परत. हा तोंडी करार न्यायालयात शाबीत करता येत नसे. म्हणून पुढे कायद्यात दुरुस्ती करून खरेदीखत हे वस्तुतः गहाणखत होते, असा पुरावा देण्याची मुभा शेतकऱ्याला द्यावी लागली.

रानड्यांचा कायद्याच्या मूळ हेतूला पाठिंबा होता. पण केवळ कायद्याने शेतकरी कर्जमुक्त होईल, असे त्यांनी कधीच मानले नाही. सावकाराला खलनायक ठरवून मोकळे होणे त्यांना मंजूर नव्हते. सावकार नाहीसा झाला, तर सारा भरायला, बैल घ्यायला, दुष्काळात पोट भरायला पैसा देणार कोण, हा त्यांचा प्रश्न होता. लबाड धनकोला न्यायालयात अडवायचे असेल, तर प्रामाणिक धनको बाहेर उभा करायला हवा, असे त्यांच्या अर्थविचाराचे सूत्र सांगता येईल. म्हणूनच सर विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना आखली, तेव्हा रानड्यांनी तिची पाठराखण केली. पुण्याचे भांडवलदार त्यासाठी पैसा घालायला तयार होते. हिंदुस्थान सरकारही अनुकूल झाले होते. लंडनच्या इंडिया ऑफिसने मात्र ती फेटाळली. शेतकऱ्यांच्या सहकारी पतसंस्थांचा कायदा यायला १९०४ साल उजाडले, तेव्हा रानडे हयात नव्हते.

स्वतःचाही हिशेब

दुसऱ्याच्या वहीतील नोंदी तपासणाऱ्या या न्यायाधीशाला स्वतःच्या आयुष्यातील विसंगतीची जाणीव नव्हती असे नाही. विधवाविवाहाचे खंदे पुरस्कर्ते असलेल्या रानड्यांची पहिली पत्नी १८७३ साली वारली आणि वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी त्याच वर्षी अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला. सुधारकांनी त्यांच्यावर कडाडून टीका केली. ती टीका त्यांनी खोडून काढली नाही. पत्नीला शिकवून, सार्वजनिक कामासाठी उभे करून त्यांनी त्या चुकीची जमेल तेवढी भरपाई केली. पुढे पुण्याच्या सेवासदनाची उभारणी याच रमाबाईंनी केली. १८९० मधील पंचहौद मिशनच्या चहाच्या प्रकरणातही स्नेह्यांची आणि कुटुंबीयांची कोंडी सोडवण्यासाठी रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले, तेव्हा दोन्ही पक्षांचा रोष त्यांनी पत्करला. पूर्ण निर्मळ हातांचाच माणूस न्याय मागू शकतो असे मानले, तर न्यायालयाच्या दारात कोणीच उभा राहू शकणार नाही. रानड्यांच्या सौम्यपणामागे ही समज असावी.

न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या अकाली निधनानंतर १८९३ साली रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. पुण्यात त्या दिवशी आनंद झाला, तसा शिरूर-भीमथडीच्या शेतकऱ्यालाही आनंद व्हायला हरकत नव्हती. कारण वहीतला खोटा आकडा हेरणारी नजर आता इलाख्याच्या सर्वोच्च न्यायासनावर पोचली होती. राष्ट्रीय सभा, सामाजिक परिषद, औद्योगिक परिषद आणि मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील ग्रंथ अशी अनेक कामे त्यांनी न्यायदानाबरोबरच केली. १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. एकोणसाठावे वर्ष पूर्ण व्हायला दोन दिवस उरले होते.

पुढे काय झाले

दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायद्याची व्याप्ती नंतर मुंबई इलाख्याच्या इतर भागांतही वाढत गेली. १९३९ आणि १९४७ च्या मुंबई शेतकरी कर्जनिवारण कायद्यांनी त्याची जागा घेतली. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने एक पाऊल पुढे टाकले. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याच्या बाजूने न्यायालयाने हुकूमनामा देऊ नये, असा दंडक घातला. येथे मात्र हिशेब वेगळा करण्याचा प्रश्नच उरला नाही. बेकायदा धंदा करणाऱ्या वादीला दारातूनच परत पाठवण्याची जुनी कठोर वाट पुन्हा स्वीकारली गेली. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यातही हा दंडक आहे, दामदुपटीची मर्यादा आहे आणि बेकायदा सावकाराने गेल्या पंधरा वर्षांत बळकावलेली जमीन चौकशीअंती शेतकऱ्याला परत देववण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला आहे. खरेदीखताच्या आड दडलेले गहाण शोधून काढण्याची ती जुनीच धडपड आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली चेंगलवराय नायडू यांच्या खटल्यात महत्त्वाचा कागद दडवून हुकूमनामा मिळवणाऱ्या वादीला कोणत्याही टप्प्यावर बाहेर काढता येते, असे ठरवले. उलट इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली पटेल विरुद्ध मिर्झा या खटल्यात जुना कडकपणा सैल केला. बेकायदा शेअरव्यवहारासाठी दिलेले, पण त्यासाठी न वापरले गेलेले सहा लाख वीस हजार पौंड वादीला परत मिळाले. गैरकृत्य आणि त्याची किंमत यांत प्रमाण असले पाहिजे, असा विचार त्यामागे होता. वादीचा दोष दिसला की दावा बुडवायचा, की दोषाचा भाग तेवढा कापायचा, हा वाद अडीचशे वर्षांनंतरही मिटलेला नाही.

भीमथडीचे नाव आता तालुक्यांच्या यादीत नाही. तो मुलूख दौंड आणि बारामती या तालुक्यांत सामावला आहे. शिरूरच्या शिवारात घोड नदीचे पाणी खेळते आणि दौंडच्या पट्ट्यात ऊस उभा आहे. बँका आहेत, सोसायट्या आहेत, सात-बारा संगणकावर आहे. तरीही राज्यात कोठे ना कोठे परवान्याविना सावकारी चालते आणि कोऱ्या कागदावरील सही पुढे भलताच आकडा घेऊन न्यायालयात येते. अशा वेळी न्यायाधीशाला तेच करावे लागते, जे रानडे आणि त्यांचे सहकारी दौऱ्यावरच्या मुक्कामात करीत होते. शेवटचे पान बाजूला ठेवून वहीचे पहिले पान उघडायचे आणि मुळात किती पैसे दिले होते, येथून सुरुवात करायची.